चाचांची सरकारी सुट्टी

आमच्या शेजारच्या कुलूपवाल्या चाचांइतकं कायद्यावर प्रेम करणारा माणूस विधानसभेतसुद्धा सापडायचा नाही. शहाद्यात स्टँडमागे त्यांचं कुलपांचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं, मध्ये एक भिंत. त्यांचा आवडता कायदा म्हणजे आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवण्याचा. आमच्याकडे सोमवारी बंद, सीमेपलीकडे गुजरातेत निझरला बुधवारी. सोमवारी चाचा निझरला जाऊन कापडवाल्या दोस्ताच्या गादीवर दिवसभर बसत आणि बुधवारी तो दोस्त इथे येऊन चाचांच्या स्टुलावर बसे. दोन राज्यांचे नियम सारखे नाहीत यात चाचांना सरकारची मोठी दूरदृष्टी दिसे. मध्य प्रदेशही सुटत नसे. खेतियाच्या जीपवाल्याला थांबवून तिकडची दुकानं किती वाजता बंद होतात याची ते चौकशी करत.

एका सोमवारी एक गृहस्थ धावत आले. लग्नाला निघालेले, आणि ऐन वेळी घराचं कुलूप मोडलेलं. चाचांनी शटर उघडलं नाही. "आज सरकारनी सुट्टी शे भाऊ. कुलूप उद्या लेजो. तू लगनले जाय, मी बठस तुन्हा घर." आणि खरंच, संध्याकाळपर्यंत ते त्या परक्या ओट्यावर राखण करत बसले. त्या सोमवारी निझरची फेरी बुडाली, याचं दुःख मात्र त्यांना पुढे कित्येक दिवस पुरलं.

पुढे कायदा बदलला. आधी आपल्याकडे, मग गुजरातेत. सातही दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा मिळाली आणि बाजारात आनंदीआनंद झाला. समोरचा हार्डवेअरवाला सोमवारीही कुलपं विकू लागला, तेव्हा चाचांनाही बसणं भाग पडलं. तिकडे दोस्ताचीही तीच गत. भेटी थांबल्या. बुधवारी चाचा सवयीने दोन चहा मागवत आणि दुसरा मला पाजत. तो चहा मला कधी गोड लागला नाही.

शेवटी एका बुधवारी चाचा कोणाला न सांगता निझरला गेले. बुधवारी दोस्ताला सवड असणार, हा जुना हिशेब. थोड्या वेळाने पाहतो तो दोस्त इथे हजर. बुधवारी शहाद्याला यायचं, हा त्याचा जुना हिशेब. त्याने फोन लावला. "मी तुन्हा पायरीवर बठेल शे," म्हणाला, पलीकडचं ऐकलं आणि माझ्याकडे वळला, "तो मन्ही पायरीवर शे." आपण निघावं तर वाटेत पुन्हा चुकामूक, या भीतीने दोघेही हलले नाहीत. शेवटच्या जीपपर्यंत एकमेकांच्या बंद दुकानासमोर बसून फोनवर बोलत राहिले.

पुढच्या सोमवारी चाचांचं शटर खाली. ते कुलूप ओढून पाहत होते.

"चाचा, कायदा तर गेला. आज सुट्टी कसली?"

"ही सरकारनी नही," ते किल्ली खिशात टाकत म्हणाले. "मन्ही शे."

ते निझरच्या जीपकडे गेले. मी दुकान उघडून बसलो. बंद ठेवून कुठे जावं, हे मला सुचलंच नाही.