पाय वर घेतलेले बाबा

माझ्या कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर हा व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा, चालतच नव्हता. कुठल्याशा अनोळखी माणसांनी फुकट लिहून ठेवलेल्या कोडमुळे आज चालला. तो डोळ्यांवर चढवला की खोली दिसत नाही, म्हणून बाबांना म्हटलं, "पाय वर घेऊन बसा, मी अडखळेन." आणि त्यातल्या बर्फाच्या डोंगरांत मनसोक्त हिंडून आलो.

हेडसेट काढल्याबरोबर त्या माणसांचे भरभरून आभार लिहायला बसलो. 'तुमच्या या खुल्या सॉफ्टवेअरच्या जगात कशालाच कुणाची परवानगी लागत नाही, हा मोकळेपणा मला फार आवडतो,' असंही लिहिलं.

मागून आवाज आला, "झालं का रे तुझं? पाय खाली सोडू आता?"

बाबा कॉटवर गुडघे पोटाशी धरून तसेच बसले होते. स्वतःच्या घरात.

मोकळेपणाचं वाक्य मी गुपचूप खोडलं.