भाऊजींच्या डोळ्याचा नंबर

वहिनींच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढून घ्यायला बसलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास खटकते. वहिनी कॅमेरा डोळ्याला लावतात आणि मग बराच वेळ काहीच करत नाहीत. बोट बटणावर, श्वास रोखलेला, आणि समोरचा माणूस मान ताठ करून अवघडलेला. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलंच, "ताई, माझ्या तोंडात काही बिघाड आहे का?"

"तुमच्या तोंडात नाही हो," वहिनी म्हणाल्या. "मीच जरा दुसरीकडे होते."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. स्टुडिओ मोठ्या भाऊजींचा, चौकाला लागूनच. ते गेले त्याला चार वर्षं झाली. महिनाभर शटर बंद होतं, मग एका सोमवारी वहिनींनी ते स्वतःच वर ढकललं. त्याआधी पंचवीस वर्षं त्या दुकानात त्यांनी काय नाही केलं? फोटो कापले, पाकिटांवर नावं लिहिली, रडक्या पोरांपुढे खुळखुळा वाजवून स्वतःचं माकड करून घेतलं. कॅमेऱ्याला मात्र हात लावला नव्हता. भाऊजी कुणालाच लावू देत नसत.

त्या सोमवारी कॅमेरा डोळ्याला लावला तर सगळं धुरकट. डोळ्यांत पाणी असेल म्हणून पुसलं, तरी धूर तसाच. पण बटण अर्धं दाबलं की कॅमेरा आपला आपण फोकस लावायचा आणि 'पीक्' करून वाजायचा, आणि फोटो बघावा तर लख्ख. मग वहिनींनी कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका बाहेर काढली आणि परीक्षेला बसल्यासारखी वाचली. उत्तर त्यात होतं. ज्या खिडकीला डोळा लावतो, तिच्या रबराशेजारी शेंगदाण्याएवढं एक दातेरी चाक असतं. चष्मा लागणाऱ्याला तो न लावता बघता यावं म्हणून ते आपल्या नंबराला फिरवून घ्यायचं. भाऊजी फोटो काढताना चष्मा कपाळावर ढकलत असत. चाक त्यांच्या डोळ्याला लावलेलं होतं. वहिनींची लांबची नजर चांगली, म्हणून त्यांना धूर.

"मग फिरवा की," मी म्हटलं आणि बोट पुढे केलं.

"हात लावू नकोस!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की मी मागच्या स्टुलावर आदळले. मग त्यांनाच वाईट वाटलं. "अगं, शर्ट धुतले, वास गेला. चपला तुझ्या नवऱ्याने देऊन टाकल्या, मला न विचारता. या एकाच वस्तूत ते अजून बघतायत. मी नुसतं बटण दाबते."

मी बोट मागे घेतलं, कारण त्यांना या धुरात काय शोधायचं होतं ते मला माहीत होतं. भाऊजी गेले त्या संध्याकाळी मी दुकानातच होते. एका शाळेचा ग्रुप फोटो छापून आला होता आणि त्यात मागची रांगच्या रांग धूसर. वहिनींनी तो टेबलावर आपटला. "झोपेत काढलात का? पोरांच्या आयांना काय तोंड दाखवू मी?" त्यांचं तोंड तसं पहिल्यापासून फटकळ, आणि भाऊजींनाही त्याची सवय होती. पण त्या दिवशी ते उलट बोलले नाहीत. फोटो उचलून उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला, खाली ठेवला आणि बाहेर पडले. पाच मिनिटांत चौकात टेम्पोने उडवलं. टेम्पोवाला फुटपाथवर बसून रडत एकच सांगत होता, "हा माणूस सरळ माझ्याकडे बघत होता हो! बघत बघत पाऊल टाकलं त्याने!"

ते वाक्य वहिनींनी ऐकलं. तेव्हापासून कॅमेरा डोळ्याला लावला की त्या मनातल्या मनात एकच विचारतात. मुद्दाम गेलात का?

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून.

यंदा त्यांच्याकडे भुंगेबाई आल्या. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, जन्मभर भुंगेरे गोळा केले म्हणून हे नाव, आणि त्या स्वतःही फोनवर "मी भुंगेबाई बोलतेय" असंच म्हणतात. टाचण्यांवर टोचलेले तीनशे भुंगेरे काचेच्या पेट्यांत आणि पेट्यांना कसर लागलेली. "माझ्याआधी हे चाललेत," त्या म्हणाल्या. "एकेकाचा फोटो हवा. पायावरचे केस मोजता आले पाहिजेत."

"भुंग्याच्या पायाला केस असतात?" मी विचारलं.

"तुमच्यापेक्षा जास्त," भुंगेबाई म्हणाल्या.

वहिनींनी काम घेतलं. भाऊजींच्या कपाटात एक्स्टेंशन रिंगा होत्या. नुसती पोकळ नळकांडी, पण कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवली की मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसते. ट्रायपॉड लावला, फ्लॅशवर बटर पेपर बांधला, बोटाचा धक्का लागू नये म्हणून केबलचं बटण जोडलं. सगळं पुस्तिकेतल्यासारखं. पण या रिंगा लावल्या की कॅमेऱ्याचा आपोआप फोकस बंद पडतो. लेन्स हाताने फिरवायची आणि डोळ्याने ठरवायचं. कॅमेरा जुना असल्यामुळे फोटो काढल्याशिवाय मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. आणि डोळ्यापुढे तर धूर.

पहिल्या पेटीतले बावीस भुंगेरे, बावीसही गढूळ. वहिनी हट्टाला पेटल्या. लेन्स केसभर फिरव, फोटो काढ, बघ, पुन्हा केसभर फिरव. एका भुंगेऱ्याचे चाळीस फोटो, त्यात एक बरा, तोही पाठीचा. पाय नाहीतच. "हे नको म्हणतायत," त्या कॅमेऱ्याकडे बघत मला हळूच म्हणाल्या. दुपारच्या उजेडात, उघड्या शटरसमोर म्हणाल्या, तरी माझ्या अंगावर काटा आला.

भुंगेबाई प्रगती बघायला आल्या तेव्हा आम्ही मागे चहा टाकत होतो. बाहेरून त्यांचा आवाज आला, "अहो, यातून काही दिसतच नाहीये की! थांबा, इथे एक चाक असतं..." वहिनींच्या हातातलं गाळणं पडलं. आम्ही बाहेर येईपर्यंत भुंगेबाई समाधानाने मान हलवत होत्या. "आता बघा. नखंसुद्धा दिसतायत."

वहिनींनी बघितलं. नखं दिसत होती. धूर नव्हता.

त्यांनी आत जाऊन पडलेलं गाळणं उचललं. भुंगेबाईंना चहा दिला, निरोप दिला, आणि मग पायरीवर बसून राहिल्या. "गेले," म्हणाल्या. "आता कुणाला विचारू?"

मला सुचलं ते एवढंच, की नंबर तर नंबर, तो कुठेतरी लिहिलेला असणारच. भाऊजींच्या कागदांत चष्म्याची चिठ्ठी सापडली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आणि कॅमेरा घेऊन आम्ही चष्मेवाल्याकडे गेलो. भाऊजींचा चष्मा त्यानेच केलेला. माणूस सालस. आमचं म्हणणं ऐकून हसला नाही.

"मायनस सव्वा," त्याने चिठ्ठी वाचली. "सोपं आहे. मी तुमच्या डोळ्यापुढे प्लस सव्वाची, म्हणजे उलटी काच धरतो. त्यातून स्वच्छ दिसेपर्यंत चाक फिरवा, मग काच काढू. चाक त्यांच्या नंबरावर आलेलं असेल."

वहिनींनी फिरवलं. काच काढली. पुन्हा डोळा लावला, आणि बराच वेळ लावूनच ठेवला.

"हे नाही," त्या म्हणाल्या.

"वहिनी, धूसर दिसतंय ना?"

"दिसतंय. पण हा धूर पातळ आहे. माझा दाट होता. चार वर्षं बघतेय मी, मला कळणार नाही?"

मी तिथूनच भुंगेबाईंना फोन लावला. चाक कुठे होतं, किती फिरवलंत? "ते होय? ते पार कडेला जाऊन टेकलं होतं," त्या म्हणाल्या. "आधी त्याच बाजूला फिरवायला गेले तर हलेचना."

चष्मेवाल्याने कॅमेरा घेतला, चाक कडेला टेकेपर्यंत फिरवलं आणि वहिनींच्या हातात दिला. त्यांनी बघितलं, आणि त्यांचे खांदे खाली आले. "हेच."

चष्मेवाल्याच्या कपाळाला आठी पडली. "हे तीनच्या आसपास जातं. याच्यापुढे या चाकाला जागाच नाही. आणि चिठ्ठीवर सव्वा." त्याने तारीख बघितली. "ही तर ते जायच्या पाच-सहा वर्षं आधीची. नंतर ते माझ्याकडे आलेच नाहीत." मग आमची तोंडं बघून सावरत म्हणाला, "पिशवीत घासूनही फिरतं हो ते चाक."

"पिशवीत नसायचा," वहिनी म्हणाल्या. "गळ्यात असायचा."

कॅमेरा मांडीवर घेऊन त्या सावकाश बोलायला लागल्या, आम्हा दोघांपैकी कुणाशीच नाही. "शेवटच्या वर्षी ग्रुप फोटोला मला शेजारी उभं करायचे. मागच्या रांगेत कोण डोळे मिटतंय ते तू बघ, म्हणायचे. मला वाटलं, उतारवयात बायकोची सोबत गोड लागायला लागली. आधी हाताने फोकस लावायचे. 'पीक्' वाजण्यावर फोटो काढणाऱ्यांना हसायचे. मग स्वतःच 'पीक्'वर काढायला लागले. मी म्हटलं, आळशी झालात."

चष्मेवाला हातातली काच उगीच पुसत राहिला. "पन्नाशीनंतर नंबर असा पळायला लागला तर बहुतेक वेळा आत मोतीबिंदू धरत असतो," तो म्हणाला. "तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि आता..."

"तसा असला," वहिनींनी विचारलं, "आणि संध्याकाळी समोरून दिवे लावून टेम्पो आला, तर?"

"दिव्याचा झोत डोळ्यांत फुटतो. माणूस मान वळवून बघतो त्या बाजूला, पण दिसतो नुसता उजेडाचा गोळा. गाडी किती जवळ आली ते..." त्याने मान हलवली.

वाटेत मी न राहवून म्हटलं, "वहिनी, ते बघत होते, पण त्यांना दिसलंच नाही. मुद्दाम नाही गेले. सुटलात तुम्ही."

त्या तशाच पुढे चालत दुकानात शिरल्या. शिरल्यावर पहिल्यांदा रिंगा काढल्या, लांबचं बघायची मोठी लेन्स चढवली आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. चौकात गाड्यांचे दिवे नुकतेच लागत होते. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चाक अजून कडेलाच होतं. पायरीवरून एक पाऊल खाली पडलं तेव्हा मी त्यांचा दंड धरला.

"सोड. बघू दे मला," त्या म्हणाल्या. "दिवे दिसतात. माणसं नाहीत दिसत. रस्ता कुठे संपतो ते नाही दिसत." मग थांबून, "सुटले म्हणतेस? एवढं घेऊन हा माणूस वर्षभर माझ्या शेजारी जेवायला बसत होता. फोटोवाल्याचे डोळे गेले असं कुणाला सांगायचं त्याने? मी त्याला झोपेत काढलात का म्हणून विचारलं. नीट दिसतंय ना, एवढं नाही विचारलं."

"वहिनी..."

"मला वाटायचं, या धुरात ते माझ्याबरोबर असतात. ते इथे एकटेच होते गं."

मग त्यांचा अंगठा चाकावर गेला. मला वाटलं, नुसता ठेवला असेल. पण बारीक कट्ट असा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरा. प्रत्येक कट्टनंतर त्या थांबत होत्या, घरातून कुणी निघताना दारात थांबावं तशा. पाचवा की सहावा आवाज झाल्यावर त्यांनी श्वास घेतला तो मला ऐकू आला.

पलीकडच्या फुटपाथवर एक गृहस्थ रस्ता ओलांडायला उभा होता, साठीचा, हातात पिशवी. त्याने मान वळवून येणाऱ्या दिव्यांकडे बघितलं आणि पाऊल खाली टाकलं. वहिनींनी लेन्स त्याच्यावर धरली. बटण दाबलं नाही. त्याच्याबरोबर लेन्सही हळूहळू सरकत राहिली, आणि तो आमच्या बाजूच्या फुटपाथवर चढेपर्यंत त्यांनी कॅमेरा खाली घेतला नाही.