पेनांगकाकूंचा डूख

पेनांगकाकू रोटी तव्यावरून उतरवून ओट्यावर ठेवायच्या आणि दोन्ही बाजूंनी तळहातांनी फाडफाड चापटायच्या. पदर सुटावेत म्हणून असं करतात. काकू मात्र प्रत्येक चापटीला एक नाव घ्यायच्या. पहिलं मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचं, मग कमिटीतल्या दोघीतिघींचं आणि शेवटचं माझं. मी समोर उभा असलो तरी घ्यायच्या. "राग पोटात ठेवला की ॲसिडिटी होते," असं त्यांचं म्हणणं होतं.

काकू मूळच्या नागपूरच्या. काका सात वर्षं मलेशियात, पेनांगला, चिपच्या कारखान्यात होते. तिथे शेजारणीकडून काकू ही रोटी शिकल्या. २००३ साली मी पुण्याहून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो, तेव्हा त्या पलीकडच्या टाऊनहाऊसमध्ये राहत होत्या. मला भातसुद्धा धड करता येत नव्हता. तीन महिने मी रोज त्यांच्याकडे जेवलो. रविवारी ही रोटी असायची. मैद्याचे गोळे आदल्या दिवसापासून तुपातेलात बुडवून ठेवलेले. ते ओट्यावर आपटून, हवेत फिरवून, पलीकडचं दिसेल इतके पातळ करायचे आणि घडी घालून तव्यावर टाकायचे. सोबत वाटीभर मसुरीची डाळ, त्यात बटाटा, गाजर, कढीपत्ता, नारळाचं दूध. एकदा मी चमचा मागितला. "चमचा मागणाऱ्यानं सूप प्यावं," काकू म्हणाल्या.

मग मंडळाचं संक्रांतीचं पॉटलक आलं, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. काकूंनी चाळीस रोट्या केल्या. हॉलमध्ये अध्यक्षीणबाईंनी गोड आवाजात त्यांना आडनाव विचारलं, मग गाव, आणि मग, "दसऱ्याला नागपुरात कुठे असायचात तुम्ही?"

"दीक्षाभूमीवर. दुसरीकडं कुठं असणार?" काकू म्हणाल्या.

"अच्छा, अच्छा," म्हणत बाई पलीकडच्या घोळक्यात गेल्या. पाच मिनिटांत ते सगळ्या रांगेला कळलं. कुणाला अचानक मैदा चालेनासा झाला, कुणी "नंतर घेते हं" म्हणालं. माझ्या पुढे माझा टीम लीड होता. त्याने तो ट्रे ओलांडला. मीही ओलांडला. माझे ग्रीन कार्डाचे कागद त्याच्या हातात होते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. काकू डाळीचा डाव हातात धरून ट्रेमागे उभ्या होत्या. चाळीसच्या चाळीस रोट्या परत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. "त्या बाया मला ओळखत नव्हत्या," काकू म्हणाल्या. "तू तीन महिने माझ्या घरी जेवला होतास."

दार त्यांनी बंद केलं नाही, पण माझ्यापुढे रोटी म्हणून ठेवली नाही. मीही माफी मागायची सोडून बाकी सगळं केलं. त्यांच्या गाडीचं ऑइल बदललं, टॅक्सचे फॉर्म भरले, बटाटे सोलले. काकू चहा द्यायच्या. रोटीचा वास घेत मी चहा प्यायचो आणि घरी येऊन टोस्ट खायचो.

काकूंनी मग गॅरेजचं दार उघडं टाकून तिथेच तवा मांडला. कॉलनीतली पोरं खेळणं सोडून रांग लावू लागली. त्यांत अध्यक्षीणबाईंची मुलगीही होती. "काकू, कॅन आय हॅव वन मोअर?" करत ती चार-चार खायची आणि घरी जाऊन आईच्या पोळीला नाक मुरडायची. शेवटी बाईंनी स्वतः करून पाहिली. पण लाटण्याची सवय जाते कुठे? त्यांनी तो गोळा छान गोल लाटला आणि रोटीचा पापड झाला.

आठ महिन्यांनी बाई वही घेऊन काकूंच्या दारात आल्या.

"शिकवते ना. आधी बसा, खाऊन घ्या."

"आज माझा गुरुवार असतो."

"मग उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मुलीच्या शेजारी बसून दोन रोट्या खाल्ल्या आणि डाळ परत मागून घेतली. काकू डाव घेऊन शेजारी उभ्या राहून प्रत्येक घास बघत होत्या. नंतर त्यांनी सगळं नीट शिकवलं, एकही पायरी लपवली नाही. बाई गेल्यावर मी विचारलं, "बरं वाटलं?"

"फार. आता दर रविवारी तिच्या ओट्यावर माझं नाव निघेल. पोरगीच काढेल." आणि त्या मनापासून हसल्या. मलाही आनंद झाला. बाईंचं नाव मी इथे लिहिणारच होतो, बायकोने खोडायला लावलं.

२००८ मध्ये काकांची नोकरी गेली आणि ते दोघं नागपूरला परत निघाले. खोकी भरायला मी गेलो होतो. शेवटच्या दिवशी रिकाम्या स्वयंपाकघरात मी एकदाचं बोललो.

"काकू, त्या दिवशी माझं चुकलं. मी घाबरलो. मला एक रोटी करून द्याल?"

त्यांनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. "इतकं बोलायला तुला चार वर्षं लागली काय रे?"

"हो."

"तवा खोक्यात गेला."

"माझा आणतो."

काकूंचे डोळे भरले होते. वाटलं, हो म्हणतील.

"नको," त्या म्हणाल्या. "अध्यक्षीणबाईवरचा राग त्याच दिवशी फिटला माझा. तुझ्यावरचा अजून आहे. तो मी नागपूरला नेते."

आणि त्यांनी तो नेला.