नळातला न

"बाणातला ण की नळातला न?" सरांनी माझा कागद वर धरून अख्ख्या वर्गाला विचारलं. वर्ग हसला. मी मोखाड्याच्या वरच्या अंगाची, सूर्यमाळकडच्या पाड्यावरची. जव्हारच्या कॉलेजात कायम मागच्या बाकावर. त्या दिवशी फळ्यापाशी उभी केली. मी लिहिलं होतं :

"आई पान्याला गेली. ती आली नाही. हंडा आला."

वार्षिक अंकाचा लेख, विषय पाणी. उन्हाळ्यात आई विहिरीच्या तळाशी उतरताना घसरली. माणसं तिच्या आधी तिचा हंडा घरी घेऊन आली. एवढं लिहायला मला सगळी सुट्टी लागली. लिहायचे, खोडायचे. रडगाणं झालं की फाडायचे. हंड्यापाशी आले आणि थांबले. पुढे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

"म्हण, पाणी," सर म्हणाले. म्हटलं. "बघा, पानीच येतंय. आणि हंडा आला म्हणजे? चालत आला का?" पुन्हा हशा. माझी आई मेली होती आणि मी मान खाली घालून उभी होते. त्याची लाज अजून जात नाही.

अंक निघाला. माझ्या नावाखाली छापलं होतं, "पाणी आणण्यास गेल्या असता माझ्या मातोश्रींचे दुःखद निधन झाले." एक ण चुकला नव्हता. बाप मजुरीवरून आला तेव्हा मी त्याला ते वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ही कोनाची आयस?" त्याने विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सरांपुढे उभी राहिले. या वेळी मान वर.

"माझं नाव काढा. हे वाक्य माझं नाही."

"चांगलं करून दिलं, तर उपकार मान," सर म्हणाले.

नाही मानले. त्यानंतर माझं काही छापलं गेलं नाही. पाठवते, 'शुद्धलेखन सुधारा' म्हणून परत येतं. कोणी वाचेल ही आशा आता उरलेली नाही. वाचून तरी काय होणार? धाकटी बहीण त्याच विहिरीत उतरते, मी वर दोर धरते.

तरी लिहिते. तेच वाक्य, तसंच. आई पान्याला गेली. नळ आमच्या पाड्यावर आलाच नाही. त्यातला न तेवढा माझ्याकडे आहे. तो मी देणार नाही.