लेखनिकाची ट्रायल

माझे हात आणि माझी जीभ जन्मापासून माझं ऐकत नाहीत. डोकं ठीक आहे, पण ते ठीक आहे हे लोकांना सांगायला जीभच लागते. माझं बोलणं फक्त घरच्यांना कळायचं. तरी मी नववीपर्यंत एकदाही नापास झाले नाही, कारण शाळेच्या मते मी बिचारी होते. तोंडी परीक्षेत मला कोणी काही विचारत नसे, लेखीत कोरा कागद दिला तरी मी वर जायची. बिचारी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. दहावीचे पेपर मात्र शाळेबाहेर तपासायला जाणार होते. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. मला तेच पाहिजे होतं.

बाबा हिंदी मुलखातल्या एका स्टील प्लांटमध्ये इन्स्पेक्शनला होते. ठोकून पाहिल्याशिवाय ते घरात नारळसुद्धा आणत नसत. "मशीन कोनतंई असो, आधी ट्रायल," असं म्हणत त्यांनी कुठून तरी हिंदी टाइपरायटर आणला. मी एक अक्षर दाबायला गेले की चार दांड्या एकदम उठायच्या आणि एकमेकींत अडकून बसायच्या. मग टेपरेकॉर्डर आला. उत्तरं कॅसेटवर बोलायची, अशी योजना. शाळेने विचारलं, ती ऐकून कोणाला कळणार? प्रश्न रास्त होता.

राहिला माणूस. मी सांगायचं, लेखनिकाने लिहायचं. पण लेखनिक खालच्या वर्गातला हवा आणि नात्यातला नको, असा नियम. म्हणजे घराबाहेरच्या कोणाला तरी माझं बोलणं कळायला हवं होतं.

एका रविवारी सेक्टर ६ च्या आमच्या क्वार्टरमध्ये बाबांनी तीन मुलींची ट्रायल घेतली. आईने पोहे केले. मी भूगोलाचं उत्तर सांगितलं. पहिली रडायला लागली. दुसरीने मला न ऐकताच छान निबंध लिहिला. तिसरी मागच्या ओळीतल्या क्वार्टरची, नववीतली. ती म्हणाली, "ताई, हळू बोल ना. तुह्या मागं कोनी लागलं का?" मग तिने मी सांगितलेलं सगळं उतरवलं, माझ्या चुकांसकट. बाबांनी चष्मा लावून कागद तपासला. "पास," म्हणाले.

महिनाभर ती रोज संध्याकाळी यायची. मी सांगायची, ती लिहायची. सगळं मराठीत. भंडाऱ्याहून इतक्या लांब येऊन पोरं आपली भाषा विसरतील या धास्तीने बाबांनी घरात हिंदीला बंदी केली होती, चपलांसारखी ती दाराबाहेरच काढायची. शाळा हिंदी, पुस्तकं हिंदी, पेपर हिंदी, आणि आमचा सराव मराठी. लिपी एकच, त्यामुळे कागद पाहूनही कोणाला खटकलं नाही. लोखंडातली बारीक चीर शोधणाऱ्या बाबांनाही नाही.

सामाजिक अध्ययनाचा, म्हणजे इतिहास-भूगोलाचा, पेपर पहिला. आम्हा दोघींना वेगळ्या खोलीत बसवलं होतं, लक्ष ठेवायला एक वयस्कर सर. मी हिंदीत पहिलं उत्तर सुरू केलं. मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"ताई, काय म्हनून राहिली तू?"

मी पुन्हा सांगितलं. तिला एक शब्द कळेना. तेव्हा मला उमगलं की माझी हिंदी डोक्यात घडाघडा चालते, पण ती आजपर्यंत कोणीच ऐकलेली नाही. घरात बंदी, आणि बाहेर मला बोलायला लावतं कोण? घाबरले. मग म्हटलं, मी मराठीत सांगते, तू हिंदी करून लिही.

ती भराभर लिहू लागली तसे सर उठून आले. "ये कौन सी भाषा है? ये बोल रही है कि तुम अपने मन से लिख रही हो?"

"दीदी बोल रही है, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा मऊ झाला. मला तो चेहरा चांगला ठाऊक होता. "रहने दो," ते मुलीला म्हणाले, "बेचारी को क्यों थकाती हो. तुम ही लिख दो, मैं कुछ नहीं कहूँगा."

असा संताप आला मला. "मैं बोलूँगी," मी म्हणाले. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले. नाही कळलं. तिसऱ्यांदा ते कान माझ्या तोंडाशी आणून वाकले, आणि कळलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. त्यानंतर प्रत्येक उत्तर मी मुलीला मराठीत सांगायची, मग त्यांची खात्री पटावी म्हणून हिंदीत. त्यांना दोनदा-तीनदा सांगावं लागे, पण ते ऐकत राहिले. घंटा झाली तेव्हा निम्मे प्रश्न बाकी होते.

निकालात मी सामाजिक अध्ययनात नापास होते. आई पदराने डोळे पुसत बसली. बाबा शाळेत जाऊन भांडून येतो म्हणाले. मी त्यांना जाऊ दिलं नाही. मला इतका आनंद झाला होता की सांगता येईना. कोणीतरी माझा पेपर वाचला होता आणि मला नापास केलं होतं.