झाकणावरचा हात आणि न सुटणारा वेग

घटनास्थळ : धारवाड, कचेरीच्या आवारातील माझे टेबल. साक्षीदार : १) इराण्णा, लॅपटॉप दुरुस्ती, गोकुळ रोड. २) सुमित्राक्का, राहणार अळणावर. लिहून देणार : मी स्वतः, बावीस वर्षे अर्जलेखक. असल्या गोष्टींवर माझा कधीही विश्वास नव्हता, हे प्रथम नमूद करतो.

माझा एक नियम आहे. कागद छापण्यापूर्वी मी लॅपटॉप मिटतो, पक्षकाराचा हात झाकणावर ठेवून घेतो आणि विचारतो — मजकूर खरा ना? ‘होय’ आल्यावरच झाकण उघडतो.

गेल्या श्रावणात रायापूरचे दत्ताप्पा आले. वडिलांमागे घर नावावर करायचे होते. प्रतिज्ञापत्रात लिहिले, वारस मी एकटाच. त्यांनी हात ठेवला, होय म्हणाले. झाकण उघडले तर... एकेक अक्षर उमटायला मिनिट! यंत्र बंद करून चालू केले, ठीक झाले. पुन्हा हात, पुन्हा होय — पुन्हा तेच. असे तीनदा.

“शपथ राहू दे अण्णा, कागद काढा,” दत्ताप्पा म्हणाले.

ते माझ्या नियमात बसत नाही. तोवर कचेरी बंद झाली.

दुसऱ्या सकाळी त्यांची सख्खी बहीण सुमित्राक्का आल्या. त्याच घरातील आपल्या वाट्यासाठी त्यांना हरकत लिहून हवी होती. हात ठेवला, होय म्हणाल्या. यंत्र क्षणात जागे. हरकत आधी दाखल झाली आणि त्यांचा वाटा वाचला.

माझा संशय इराण्णावर. या प्रकाराच्या महिनाभर आधी त्यानेच यंत्र उघडले होते. कोणाच्या सांगण्यावरून आत काय बसवले, असा जाब विचारला. त्याने पडद्यावर वेगाचा आकडा दाखवला.

“झाकण मिटलं की मशीन झोपतंय, झोपताना प्रोसेसरचा वेग खाली बांधतंय, उठल्यावर सोडतंय. तुमचं सोडायला विसरतंय, एवढंच.”

“मग बहिणीच्या वेळी कसे सुटले?”

“तुमच्याजवळ राहून शिकलं असेल की, अण्णा. माणूस बघून काम करतंय.”

हे मला लागले. परवा भर दुपारी मी स्वतःचाच हात झाकणावर ठेवला आणि स्पष्ट म्हणालो, खोटे आहे हे जाणून मी एकही कागद लिहिलेला नाही.

झाकण उघडले. आकडा तळाशी... अजून तिथेच आहे. बंद करून चालू करण्याचे धैर्य होत नाही. हे पत्र हातानेच लिहीत आहे.

तरी जाणकार वाचकांनी याचा लेखी खुलासा करावा, ही नम्र विनंती. दोष यंत्राचाच आहे असे कोणी सिद्ध केल्यास मी आजन्म ऋणी राहीन.