शेजारची मुलगी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. बायकोला ती ठाऊक होती, कारण ती तिथं हजर होती. पण तिच्याशीसुद्धा मी त्यावर कधी बोललो नाही, आणि आता ती नाही.

मला दोन मुली. थोरली दहावीत असताना तिच्या पापणीवर एक पांढरा ठिपका दिसला. वर्षभरात ओठांच्या कडा, मग बोटं, मग मान. कोड. डॉक्टर म्हणाले, हे कुणाला लागत नाही, यानं जिवाला काही होत नाही. मला ते पटलं होतं. तरी घरात फोटो काढताना मीच म्हणायचो, "तू जरा मागं उभी राहा गं, उंच आहेस ना." ती उंच नव्हती.

धाकटीला स्थळं येऊ लागली तेव्हा थोरली एका शाळेत शिकवत होती. तिच्या लग्नाचा विचार आम्ही सोडून दिला होता. तिला विचारलंही नव्हतं. ग्वाल्हेरला माधवगंजातल्या आमच्या घरी पाहुणे यायचे असले की मी तिला म्हणायचो, "आत्याकडे जाऊन ये." माझी बहीण मुरारला राहायची. पहिल्यांदा तिनं कारण विचारलं. दुसऱ्यांदा नाही. पुढं तर पाहुण्यांचं कळलं की ती स्वतःच पिशवी भरून ठेवायची. कुणी विचारलंच तर सांगायचं ठरलं होतं की थोरली भोपाळला नोकरीला असते.

धाकटीला बघायला झाशीचे लोक संध्याकाळी यायचे होते. ते दुपारीच आले. रस्ता मोकळा मिळाला म्हणे. थोरली खांद्याला पिशवी लावून निघतच होती, दार तिनंच उघडलं. "या, बसा," म्हणाली, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि पाणी घेऊन आली. मुलाच्या आईनं पेला घेताना तिच्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि हसून मला विचारलं, "ही मोठी का?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "ही शेजारची. मदतीला येते कधीकधी."

मला वाक्य शोधावंसुद्धा लागलं नाही. तेच मला सगळ्यात जास्त छळतं.

थोरलीनं ट्रे खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई झारा हातात घेऊन उभी होती. तिच्याकडे बघून ती म्हणाली, "काकू, मी निघते हां. आई वाट बघत असेल." मग माझ्याकडे वळली. "अच्छा, काका."

पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेली. झाऱ्यातून तेल फरशीवर ठिबकत होतं. बायकोनं ते पुसलं नाही.

लग्न त्याच बैठकीत ठरलं. संध्याकाळी मी पेढे घेऊन मुरारला गेलो. थोरली आत्याबरोबर मटार सोलत बसली होती.

"झालं का पक्कं?"

"झालं. तू फार समजूतदार आहेस, बेटा."

"मग काय करणार, काका?"

बहिणीला वाटलं, थट्टा चालली आहे. ती हसली, म्हणून मीही हसलो. त्यानंतर थोरलीनं मला कधी काका म्हटलं नाही. बाबाही म्हटलं नाही. "चहा ठेवलाय", "दार लावून घ्या", एवढंच. हाक नाही.

माझं खोटं निभावून नेण्यासाठी तिनं खरोखरच भोपाळच्या शाळेत नोकरी धरली. बहिणीच्या लग्नाला आली नाही. धाकटी फोनवर रडायला लागली तर म्हणाली, "अरे यार, रो मत. मेकअप उतरेल ना तुझा."

नातवाच्या बारशाला मात्र धाकटीनं हट्टानं तिला बोलावलं. ती बाळाला घेऊन बसली होती, तिथं विहीणबाई आल्या.

"अगंबाई! ही तर त्या दिवशीची, पाणी देणारी!"

"आई, ही माझी ताई," धाकटी म्हणाली.

विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "डाग तर आम्ही तेव्हाच पाहिले होते हो. जाताना गाडीत मी ह्यांना म्हटलंसुद्धा, शेजारची पोर किती गोड आहे. तुमची आहे म्हणाला असतात, तर काय उठून जाणार होतो आम्ही?"

हो, उठून गेलो असतो, असं त्या म्हणाल्या असत्या तर मला थोडा तरी आधार मिळाला असता.

आता थोरली ग्वाल्हेरला परत आली आहे. हरिशंकरपुरमला एकटी राहते. रविवारी माझी भाजी आणून देते, औषधं बघते. डाग चेहराभर पसरले आहेत. ती ते झाकत नाही, आणि मी सरळ तिच्याकडे बघू शकत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "साथ में कौन है? आप क्या लगती हैं इनकी?"

मी शेजारीच उभा होतो. मला बोलता आलं असतं. माझे ओठ हलेपर्यंत थोरली म्हणाली, "बेटी." पत्ता सांगावा तसं, माझ्याकडे न बघता.

ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्या डोळ्यानं मला तसंही धूसर दिसतं. आम्ही बाकावर ऑटोची वाट बघत होतो. माझा हात तिनं धरला होता. तिचा चेहरा मला दिसत नव्हता आणि वाटलं, आता बोलता येईल.

"त्या दिवशी..." मी म्हणालो.

"कधी?"

तिनं हात सोडला नाही. ती थांबली होती, मला कळत होतं. ही माझी मुलगी, असं मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं, मला माफ कर. एवढंच बोलायचं होतं.

मी म्हणालो, "पाणी देतेस का जरा?"